हसूरचंपूचे घाटगे आणि पुष्पकाची वाट

बेळगावहून लोंढ्याकडे निघालेली गाडी खानापूर सोडते आणि गुंजीच्या लहानशा स्थानकावरून दाट झाडीत शिरते. हाच लोहमार्ग पुढे धारवाड, हुबळी करत बंगळुरूला पोचतो. खानापूर, निपाणी, गडहिंग्लज या पट्ट्यातल्या कितीतरी पिढ्या शिक्षणासाठी आणि पोटापाण्यासाठी बंगळुरूला गेल्या. भारताच्या विमानविद्येचा इतिहास सांगणारे बहुधा बंगळुरूपासूनच सुरुवात करतात. पण त्या विद्येची पायाभरणी ज्यांनी केली त्यांच्यातलं एक ठळक नाव याच पट्ट्यातलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज तालुक्यात हसूरचंपू नावाचं गाव आहे. १९०८ साली तिथे विष्णू माधव घाटगे जन्मले.

मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकून घाटगे जर्मनीला गेले ते थेट ग्योटिंगेनला, लुडविग प्रांटल यांच्याकडे. त्या काळी वायुगतिकी शिकायची तर याहून वरचं ठिकाण जगात नव्हतं. वाहत्या हवेचा चिकटपणा वस्तूच्या पृष्ठभागालगतच्या अगदी पातळ थरात आपला खेळ खेळतो, हे प्रांटल यांनी १९०४ साली एका छोट्याशा निबंधात दाखवलं. पंख कधी दगा देतो, या प्रश्नाला गणिताने हात घालता येऊ लागला तो तेव्हापासून. ध्वनीहून वेगाने वाहणाऱ्या हवेचं गणितही तिथेच आकाराला आलं. प्रांटल यांचे विद्यार्थी थिओडोर मायर यांचा त्या विषयावरचा प्रबंध १९०८ चा, म्हणजे घाटगे यांच्या जन्मवर्षाचाच. अशा गुरूच्या हाताखाली घाटगे यांनी डॉक्टरेट मिळवली.

परतल्यावर काय? देशात विमानाचा कारखानाच नव्हता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली ती १९४० च्या डिसेंबरात. दोनच वर्षांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग उघडला आणि तिथे शिकवायला उभे राहिले घाटगे. कारखाना आणि वर्ग या दोन्हीकडे त्यांचा वावर होता, आणि त्यांच्या कामाचं मोल इथेच आहे असं म्हणावं लागेल. कागदावरचं समीकरण आणि पत्र्यावरचा रिव्हेट यांच्यात जे अंतर असतं, ते त्यांच्या पिढीत फार थोड्यांनी स्वतः चालून पाहिलं होतं.

१९५१ च्या ऑगस्टमध्ये एचटी-२ हे विमान उडालं. चालवत होते कॅप्टन जमशेद मुन्शी. भारतात आखलेलं आणि भारतातच बांधलेलं हे इंजिनावर चालणारं पहिलं विमान, आणि त्याच्या आराखड्याचे प्रमुख होते घाटगे. पुढेमागे बसणाऱ्या गुरू-शिष्यांचं हे साधं प्रशिक्षण विमान. हवाई दलाच्या वैमानिकांनी कित्येक वर्षं त्यावर हात बसवला; घानाच्या नव्या हवाई दलालाही ते पुरवलं गेलं. १९५८ मध्ये फ्लाइंग क्लबांसाठी दोन आसनांचं हलकं विमान आलं, त्याचं नाव पुष्पक. मग कृषक आलं. १९६४ मध्ये किरण हे जेट उडालं. हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाच्या २०११ पर्यंतच्या लाल-पांढऱ्या कवायती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी ते विमान डोळे भरून पाहिलेलं आहे.

घाटगे यांनी अंतराळयान बांधलं नाही. पण यानाला पृथ्वीवर परत आणायचं शास्त्र त्याच विद्येची पुढची शाखा आहे.

१९५१ सालीच सतीश धवन अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. त्यांनी ध्वनीहून वेगवान वाऱ्याचा बोगदा उभारला. त्याची चाचणीची जागा होती एक इंच बाय तीन इंच! तळहातावर मावेल एवढ्या जागेत देशाचं स्वनातीत संशोधन सुरू झालं. पुढे १९६७ मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १.२ मीटरचा मोठा बोगदा चालू झाला. टाक्यांत हवा दाबून भरायची, झडप उघडायची आणि काही सेकंदांच्या त्या झोतात प्रतिकृतीवर पडणारा जोर मोजून घ्यायचा, अशी त्याची रीत. भारताच्या अग्निबाणांच्या प्रतिकृती याच झोतातून तावूनसुलाखून निघाल्या.

यानाची परत येण्याची वेळ मात्र याहून बिकट. पृथ्वीभोवती जवळून फिरणारं यान सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर जातं. वातावरणात शिरताना ते हवेच्या घर्षणाने तापतं, असं सर्रास सांगितलं जातं. मुख्य कारण वेगळं आहे. समोरच्या हवेला बाजूला सरायला सवडच मिळत नाही. ती दाबली जाते आणि दाबल्यामुळे भयंकर तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड चटका देतं, ते याच कारणाने. मग यानाचं नाक टोकदार असावं, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेच्या हार्वी ॲलन यांनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला उलट दाखवलं: नाक बोथट ठेवा. बोथट नाकापुढे आघाततरंग, म्हणजे एकदम दाबल्या गेलेल्या हवेची भिंत, थोड्या अंतरावर उभा राहतो आणि बरीचशी उष्णता हवेतच राहून मागे निघून जाते.

हे जमिनीवर तपासायचं कसं? भारतीय विज्ञान संस्थेतल्या शॉक टनेलमध्ये धातूचा पातळ पडदा दाबाने फाडतात. फाटताक्षणी नळीतून आघाततरंग धावतो आणि प्रतिकृतीवर अतिवेगवान झोत आदळतो. प्रयोग टिकतो सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढा. तेवढ्यात उष्णता मोजायची, मग फाटलेला पडदा काढून नवा बसवायचा आणि पुन्हा सुरुवात. एका आकृतीतल्या एकेका ठिपक्यामागे एवढी मेहनत असते.

या तपश्चर्येचं फळ २२ जानेवारी २००७ रोजी दिसलं. बारा दिवस कक्षेत फिरून इस्रोची एसआरई-१ ही सुमारे साडेपाचशे किलोची कुपी बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. नाकावर जळत-झिजत उष्णता घेऊन जाणारं कार्बन-फिनॉलिकचं आवरण, अंगावर सिलिकाच्या फरशा, शेवटी पॅराशूट. २०१४ च्या डिसेंबरात माणसांसाठीच्या कुपीची प्रतिकृती १२६ किलोमीटर उंचीवरून परत आली. २०१६ च्या मे महिन्यात पंखवालं आरएलव्ही-टीडी हे चाचणी-यान ध्वनीच्या पाचपट वेगाने जाऊन समुद्राकडे उतरलं. चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या धावपट्टीवर २०२३ आणि २०२४ मध्ये असं पंखवालं यान हेलिकॉप्टरने उंच नेऊन सोडलं गेलं आणि ते आपलं आपण उतरलं. या यानाला आता पुष्पक म्हणतात. फ्लाइंग क्लबांतल्या जुन्या पुष्पकाचं नाव असं पुन्हा आकाशात गेलं. कक्षेतून परतण्याची खरी परीक्षा त्याला अजून द्यायची आहे.

आज बेळगाव-निपाणी महामार्गावरच्या हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनवणारी औद्योगिक वसाहत आहे. इथे घडलेले भाग परदेशी प्रवासी विमानांना लागतात. तिथून गडहिंग्लज फार लांब नाही. त्या यंत्रांवर काम करणारी अनेक मुलं याच सीमाभागातली. घाटगे यांना १९६५ साली पद्मश्री मिळाली, १९९१ साली ते गेले. गडहिंग्लजपासून गुंजीपर्यंतच्या मराठी शाळांतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना एकच विनंती: पुष्पकाची पुढची बातमी वर्गात वाचून दाखवाल, तेव्हा फळ्यावर हसूरचंपूच्या विष्णू माधव घाटगे यांचंही नाव लिहा.