सिंधुदुर्ग आणि इतिहासाचीं पंचेंद्रियें

इतिहास हें शास्त्र आमच्याकडे आजवर बहुतांशीं डोळ्यांचें, आणि त्यांतही कागद वाचणाऱ्या डोळ्यांचेंच, राहिलें आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ १८९८ पासून खंडाखंडानें प्रसिद्ध करून राजवाड्यांनीं कागदाची जी प्रतिष्ठा स्थापिली, ती योग्यच होय. तथापि कान, नाक, जीभ व त्वचा यांनाही साक्षीस बोलवावें कीं नाहीं, हा प्रश्न उरतोच. फ्रान्समध्यें ल्यूसिएँ फेव्र यांनीं १९४२ सालच्या ग्रंथांत तो उपस्थित केला, आणि अलँ कोर्बँ यांनीं १९८२ सालीं वासांचाच इतिहास लिहून दाखविला. आम्हीं तो मालवणच्या सिंधुदुर्गापुरता विचारून पाहिला.

१६६४ च्या नोव्हेंबरांत शिवछत्रपतींनीं कुरटे बेटावर या जलदुर्गाचा पाया घातला, हें ग्रंथ सांगतात. परंतु हें बेट दुर्गास योग्य कां ठरलें, हें जिभेला विचारावें. होडींतून उतरेपर्यंत ओठांवर मीठ बसलेलें असतें. आणि आंत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींचें पाणी गोडें! खाऱ्या तोंडानें पहिली ओंजळ प्यालेल्यासच त्या नांवांतील कृतज्ञता कळते. वेढा पडला असतां तोफेइतकीच ही ओंजळही किल्ला राखते.

डोळ्याचीही साक्ष येथें निराळी आहे. नकाशावर महाद्वार तत्काळ सांपडतें. होडींतून पाहणाऱ्यास मात्र अगदीं जवळ जाईपर्यंत तें तटाच्या वळणांत दिसत नाहीं. शत्रूचा संभ्रम केवळ वाचून असा अंगावर येत नाहीं.

दरवाज्याजवळ चुन्यांत उमटलेले हाताचे व पायाचे ठसे महाराजांचे म्हणून दाखवितात. तेथें मन विरघळतें, आणि तेथेंच इतिहासकाराची खरी कसोटी लागते. ठसा आपलें नांव सांगत नाहीं. तें परंपरा सांगते. नमस्कार अवश्य करावा, निर्णय मात्र घाईनें देऊं नये.

शिवाय आमचीं इंद्रियें आजचीं आहेत. लाटांच्या गर्जनेंतून शत्रूच्या वल्ह्यांचा आवाज निवडण्यावर ज्याचे प्राण अवलंबून, त्या पहारेकऱ्याचा कान यंत्रहोडींतून आलेल्या प्रवाशानें कोठून आणावा? म्हणून इंद्रियांनीं प्रश्न विचारावे, आणि कागदांनीं त्यांची उलटतपासणी करावी.

२०२५ सालीं युनेस्कोनें या दुर्गासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशांत घेतले. तटाची काळजी वाहणारे त्यामुळें वाढतील. विहिरींचा गोडवा मात्र आपणां सर्वांसच राखावा लागेल. तो गेला, तर ‘साखरबाव’ हा शब्द उरेल आणि त्याचा अर्थ सांगणारा साक्षीदार हरपेल.