शिकाऊ तारपकऱ्यांसाठी अंगणातील बैठक

वारली चित्रांतील नाचाचे चक्राकार रिंगण शहरी वाचकांना आता चांगलेच परिचित आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांच्या पिढीने हे चित्र जगभर नेले आणि पुढे ते कुर्त्यांपासून चहाच्या कपांपर्यंत सर्वत्र पोहोचले. त्या रिंगणाच्या मध्यभागी उभा असलेला वादक, म्हणजेच तारपकरी, मात्र ऐकण्यापेक्षा पाहण्यातच अधिक आला आहे. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पाड्यांवर हे वाद्य शिकू पाहणाऱ्या मुलांना सादरीकरणाची पहिली संधी कोठे व कशी मिळावी, या प्रश्नावर तारप्याचे पुढचे आयुष्य बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजविण्यासाठी मेण, अशी तारप्याची घडण असते. नळीवरील छिद्रांवर बोटे फिरविणे तुलनेने लवकर जमते. खरी कसोटी श्वासाची असते. गालांत साठविलेली हवा वाद्यात सोडत असतानाच नाकाने नवा श्वास घ्यावा लागतो, कारण सूर तुटला की नाचणाऱ्यांचे पाऊल अडखळते. पुंगीवादकही याच तंत्राने वाजवितात. परंतु नाच रात्रभर चालायचा असेल, तर तारपकऱ्याचा दमही तितकाच टिकावा लागतो. ही क्षमता एकट्याच्या सरावातून काही प्रमाणातच येते.

उरलेले शिक्षण रिंगणात होते. नाचणारे एकमेकांच्या कमरेभोवती हात घालून तारपकऱ्याभोवती फिरतात आणि त्याच्याकडे पाठ न करण्याचा संकेत पाळतात. चाल बदलली की पावलेही बदलतात. वादकाला आपले वाजविणे बरोबर आहे की नाही, हे समोरच्या पायांवरून तत्क्षणी कळते. टाळ्या कार्यक्रम संपल्यावर मिळतात. पाऊल मात्र चुकलेल्या क्षणीच चूक दाखविते.

शालेय स्नेहसंमेलने आणि सरकारी महोत्सव यांत नेमकी हीच गोष्ट हरवते. पाच-दहा मिनिटांचा वेळ, प्रेक्षकांकडे तोंड करून उभी केलेली रांग आणि ध्वनिक्षेपकासमोर खिळलेला वादक, असे त्यांचे स्वरूप असते. मुलांना त्यातून धीटपणा लाभतो, हे मान्य करावे लागेल. तथापि ज्याने केवळ मंचावरच वाजविले आहे, त्याला तासभर नाच चालविता येत नाही.

म्हणून शिकाऊ मुलांची बैठक अंगणातच भरविणे श्रेयस्कर. त्यासाठी फारशी सिद्धता लागत नाही. मोकळी जागा, दहा-बारा नाचणारी माणसे आणि किमान एक जाणता तारपकरी एवढे पुरते. नाचणाऱ्यांत मोठी माणसे असावीत. चाली त्यांच्या अंगात मुरलेल्या असल्याने ती नवख्या वादकाला सांभाळून घेतात. मुलाने आपल्याला येणारी एकच चाल दम टिकेल तोवर वाजवावी. दम सरताच जाणत्याने सूर उचलावा आणि नाच थांबू देऊ नये, म्हणजे थांबण्याची लाज मुलाला वाटत नाही. बक्षिसे आणि क्रमांक टाळावेत. चित्रीकरणाची हौसही आवरलेली बरी, कारण कॅमेरा दिसताच मुले नाचणाऱ्यांऐवजी त्याच्याकडे पाहू लागतात.

शहरातील संगीतशिक्षणालाही हे तत्त्व अपरिचित नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्या परंपरेतून पुढे संगीताच्या परीक्षांची पद्धत रूढ झाली. परंतु परीक्षेच्या जोडीला गुरुपौर्णिमेच्या घरगुती बैठका टिकून राहिल्या. तेथे प्रवेशिकेचा विद्यार्थी आणि तयारीचा गवय्या एकाच सतरंजीवर बसतात, आणि समेवर आलेली दाद नवख्याला सावरते. गिरगावात बी. आर. देवधरांच्या संगीतशाळेत नामवंत कलावंतांचे येणे-जाणे असे. कुमार गंधर्व तेथेच घडले. बुजुर्गांचे नुसते सान्निध्यही शिकविते, याचा तो ठळक दाखला होय.

पाड्यांवर असे सान्निध्य देऊ शकणारे अनेक वादक आज वयोवृद्ध आहेत. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी ओलांडली होती. सन्मानाने वाद्याचे नाव दूरवर गेले. मुलांच्या हाती वाद्य देण्याची व्यवस्था मात्र त्या-त्या गावालाच करावी लागते.

त्या व्यवस्थेला वेळापत्रकही आहे. तारप्याचा भोपळा वेलीवर जून व्हावा लागतो, मग तो वाळवून पोखरावा लागतो. त्यामुळे पुढच्या हंगामात मुलांना स्वतःची वाद्ये द्यायची असतील, तर वेल पहिल्या पावसातच लावावा लागेल.