इंग्लंडमधील सिक्स्थ फॉर्ममध्ये संगणकशास्त्र : विद्या की कसब?

नवी विद्या शालेय अभ्यासक्रमात प्रविष्ट होते तेव्हा ती विद्या म्हणून प्रविष्ट होते की केवळ कसब म्हणून, ह्यावर तिचे पुढील भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून असते. इंग्लंडमधील संगणकशास्त्राच्या अध्यापनाचा इतिहास ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. प्रस्तुत लेखात सोळा ते अठरा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांपुरताच त्याचा विचार केला आहे.

सिक्स्थ फॉर्म हा आपल्याकडील अकरावी-बारावीशी समांतर असा दोन वर्षांचा टप्पा होय. तथापि तेथील विद्यार्थी बहुधा तीनच विषय घेतो व त्यांत खोलवर शिरतो. ह्या टप्प्याच्या अखेरीची ए-लेव्हल परीक्षा १९५१ साली सुरू झाली. पुढे केवळ ह्याच वयोगटासाठी स्वतंत्र महाविद्यालये निघाली. १९६६ सालचे लूटन येथील महाविद्यालय त्यांत आद्य मानले जाते.

संगणकाची विद्या प्रथम विद्यापीठात रुजली. केंब्रिज येथे १९४९ साली एडसॅक हे यंत्र कार्यान्वित झाले आणि १९५३ साली स्वयंचलित गणनाची पदव्युत्तर पदविका सुरू झाली. शाळांना यंत्र खऱ्या अर्थाने लाभले ते मात्र १९८० नंतरच्या दशकात. १९८१ च्या अखेरीस बाजारात आलेला बीबीसी मायक्रो हा संगणक सरकारी साहाय्यामुळे शाळाशाळांतून पोहोचला. तो चालू करताच पडद्यावर बेसिक भाषा आज्ञेची वाट पाहत उभी राहत असे. त्यामुळे यंत्र वापरणे आणि आज्ञावली लिहिणे ह्यांत फारसे अंतर उरत नसे.

हे अंतर पुढे वाढत गेले. १९८८ च्या शिक्षण कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आला, आणि त्यात संगणकाला तंत्रविद्येचे एक अंग म्हणून स्थान मिळाले. कचेरीच्या कामाची तयार साधने स्वस्त झाली, तसतसा वर्गातील भर टंकलेखन, तक्ते व सादरीकरण ह्यांवर पडू लागला. ‘माहिती व संप्रेषण तंत्रविद्या’ हे नाव शतकाच्या अखेरीस रूढ झाले. ह्या कसबाला व्यवहारात मोल होते, हे नाकारता येणार नाही. परंतु त्यालाच संगणकाची विद्या समजले गेले, हा खरा दोष होय. ए-लेव्हलचा ‘कॉम्प्युटिंग’ विषय ओस पडत चालला. २०११ साली त्याचे परीक्षार्थी सुमारे ४,००० इतकेच होते.

प्रतिक्रिया अटळ होती. २००८ साली शिक्षक व संगणकशास्त्रज्ञ ह्यांनी ‘कॉम्प्युटिंग ॲट स्कूल’ हा गट स्थापिला. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटीने आपल्या अहवालात प्रचलित अध्यापनावर कठोर टीका केली, आणि त्याच महिन्यात शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह ह्यांनी जुना अभ्यासक्रम मागे घेण्याचे जाहीर केले. नवा अभ्यासक्रम २०१४ साली शाळांत आला. २०१५ पासून ए-लेव्हलचा विषयही ‘संगणकशास्त्र’ ह्या नावाने नव्याने शिकविला जाऊ लागला.

ह्या नव्या विषयाचे स्वरूप निःसंशय शास्त्रीय आहे. एक्यूए मंडळाच्या अभ्यासक्रमात बूलचे बीजगणित, आलेखांतील लघुतम मार्ग, ट्युरिंगचे यंत्र, इतकेच नव्हे तर यंत्राने न सुटणारे प्रश्नही येतात. दोन परीक्षांना प्रत्येकी ४० टक्के गुण आहेत. उरलेले २० टक्के विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या प्रश्नावर आज्ञावली रचून, ती पारखून, लिहिलेल्या प्रकल्पाला मिळतात. परीक्षार्थींची संख्या २०१७ साली ८,००० च्या वर गेली. २०२४ साली तिने २०,००० चा आकडा ओलांडला.

असे असले तरी ह्या यशाची किंमत दुर्लक्षिता येत नाही. माहिती-तंत्रविद्येची ए-लेव्हल पुढे बंद झाली. तिच्या परीक्षार्थींत मुली सुमारे एकतृतीयांश असत. नव्या विषयात २०१७ साली त्या दहांत एकही भरत नव्हत्या आणि २०२४ मध्येही एकपंचमांशापर्यंत पोहोचल्या नाहीत. अर्थात जो मार्ग बंद झाला त्यावरील सर्वच मुली नव्या मार्गाला वळल्या नाहीत. दुसरी उणीव शिक्षकांची. २०१७ सालच्या रॉयल सोसायटीच्या दुसऱ्या अहवालानुसार, मागील पाच वर्षांत संगणक-शिक्षकांच्या भरतीचे उद्दिष्ट ६८ टक्केच साध्य झाले होते, आणि इंग्लंडमधील ५४ टक्के शाळांत सोळाव्या वर्षाच्या परीक्षेसाठी हा विषय शिकविलाच जात नव्हता. ज्याची पूर्वतयारीच झालेली नाही, अशा विद्यार्थ्याला सिक्स्थ फॉर्मचे दार उघडे असूनही दूरच वाटणार. शिवाय केंब्रिजसारखे विद्यापीठ पदवीच्या प्रवेशासाठी गणिताची अट घालते, संगणकशास्त्राची नव्हे. कारण हा विषय सर्व शाळांत उपलब्ध नाही.

विद्येला कसबापासून वेगळे करणे आवश्यक होते आणि इंग्लंडने ते केले. परंतु कसबाच्या वाटेने येणाऱ्यांना विद्येपर्यंत आणणारा पूल त्याच वेळी बांधला गेला नाही. अभ्यासक्रम एका आदेशाने बदलतो. शिक्षक घडण्यास एक पिढी लागते. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांतील संगणकशास्त्राचा विचार करणाऱ्यांनी हा क्रम उलट होऊ देऊ नये, एवढाच ह्या इतिहासाचा निष्कर्ष काढता येईल.