इंग्रजी साहित्य, उच्च माध्यमिक (वर्धा जिल्हा)
अकरावी-बारावीच्या इंग्रजी विषयातील वाङ्मयाचा अभ्यास. जिल्हा राज्य मंडळाच्या नागपूर विभागात येतो. ऑक्टोबर 1937 मधील वर्धा शिक्षण परिषदेने मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला. तिथून निघालेल्या नई तालीम या शिक्षणपद्धतीच्या सात वर्षांच्या पायाभूत अभ्यासक्रमात इंग्रजी नव्हते. आज ‘युवकभारती’ या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात अकरावीला नाटक (शेक्सपिअर, इब्सेन, लेडी ग्रेगरी), तर बारावीला कादंबरी शिकवतात: ब्रेथवेट, ज्यूल व्हर्न, कॉनन डॉइल. इब्सेन नॉर्वेचा, व्हर्न फ्रेंच. म्हणजे विद्यार्थी भाषांतरेही वाचतात, आणि हे चांगलेच आहे. मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी कठीण शब्दावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहितात. तो अर्थ वर्गात मोकळेपणी बोलला जावा. गोष्ट तिथेच कळते. परीक्षा लेखी 80, तोंडी 20 गुणांची असते.