खुंटीवरची बंदूक



जेथे खुनाचा बदला खुनानेच घ्यावयाचा असा दंडक आहे, तेथे माणसांना रीतभात कसली, असे आपल्याला वाटते. उत्तर आल्बानियाच्या डोंगराळ मुलखाचा इतिहास वाचला म्हणजे ही समजूत टिकत नाही. तेथील पिढीजात नियमांना ‘कानून’ म्हणतात. श्त्येफेन ज्येचोवी या ख्रिस्ती धर्मगुरूने लोकांच्या तोंडून ते टिपून घेतले. १९२९ साली त्याचा खून झाला. ग्रंथ १९३३ साली निघाला.

या कानूनाप्रमाणे पाहुण्याने एकदम घरात शिरावयाचे नाही. अंगणात थांबून घरधन्याला हाक मारावयाची. धनी बाहेर येतो, पाहुण्याची बंदूक आपल्या हाती घेतो आणि खुंटीला टांगतो. एवढ्याशा कृतीत दोन करार होतात. पाहुणा म्हणतो, मी तुझ्या स्वाधीन झालो. यजमान म्हणतो, तुझ्या जिवाची जोखीम आता माझी. पाहुणा घरचा वैरी असला तरी हेच! त्याच्या आश्रयात असता पाहुणा मारला गेला, तर सूड यजमानानेच घ्यावयाचा.

याहून कठीण रीत ‘बेसा’ची, म्हणजे दिलेल्या शब्दाची. खून झाल्यावर मध्यस्थ मृताच्या घरी जाऊन चोवीस तासांची बेसा मागतात. ती मिळाली की मारेकऱ्याने प्रेतयात्रेला जावयाचे आणि मृताच्याच घरी जेवायला बसावयाचे! पुढे गाव मध्ये पडून तीस दिवसांची बेसा मागते. मुदत सरली की वैर पुन्हा जागे.

म्हणजे बेसा ही मैत्री नव्हे, क्षमाही नव्हे. आमच्या संपाच्या वाटाघाटींत एखादा तरुण कामगार विचारतो, “समोर बसलो म्हणजे नमलोच ना?” त्याला मी हेच सांगतो की, भांडण न सोडताही शब्द देता येतो, मात्र त्याला मुदत हवी, मध्यस्थ हवा आणि देणाऱ्याने काही पणाला लावलेले हवे. रिकाम्या हाताने केलेल्या नमस्कारावर वैरी विश्वास ठेवीत नाही.

या कानूनाचे गोडवे मला गावयाचे नाहीत. पाहुण्याला जपणारी अब्रूच रक्तही मागत होती. त्यापायी कित्येक घरांतले कर्ते पुरुष गेले. पण ही गाठही माणसांनीच सोडविली. १९९० साली, त्या वेळच्या युगोस्लाव्हियातील कोसोवोत, लोकसाहित्याचे अभ्यासक अंतोन चेत्ता आणि त्यांच्याबरोबरचे तरुण विद्यार्थी दारोदार फिरले व रक्त माफ करा म्हणून विनवू लागले. १ मे रोजी प्रचंड जनसमुदायासमोर अनेक घराण्यांनी वैऱ्याचा हात हाती घेतला.

मुदतीचा शब्द पाळण्याची सवय ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांनाच अखेर बिनमुदतीचा शब्द देता आला, असे मला वाटते. तो दिवस कामगारदिनाचा होता, याचा मला विशेष आनंद आहे.