वाकळेचा टाका आणि यंत्राची सुई

कोल्हापूर - पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात, ती पंचगंगेच्या खोऱ्यात वाकळ होते. जुनी लुगडी, धोतरे आणि झिजलेल्या चादरी यांचे थर एकावर एक रचून धावदोऱ्याने शिवलेले हे पांघरूण. ते शिवायला पूर्वी सुई, दोरा, कात्री आणि सारवलेली जमीन एवढेच साहित्य पुरत असे. आज याच कामासाठी फिरत्या पात्याची कटर, आखणीची पारदर्शक पट्टी, यंत्राला जोडायचे खास पाय, चौकटीवर चालणारी मोठी यंत्रे अशी साधने मिळतात. यांतील कोणते साधन वाकळेच्या खरोखर उपयोगी पडते, हे जाणून घेतले तर पैसेही वाचतात आणि जुने कापडही.

रजई वेगळी, वाकळ वेगळी

रजईत पिंजलेला कापूस असतो. तो पिंजाऱ्याकडून भरून घ्यावा लागतो. वाकळेत कापूस नसतो. तिची ऊब कापडाच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेतून येते. नऊवारी लुगड्याची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास. त्याच्या चार घड्या केल्या की सुमारे दोन मीटर लांबीचे चार थर आपोआप मिळतात. वापरून मऊ झालेले सुती कापड घाम टिपते आणि अंगाला टोचत नाही. म्हणूनच बाळाच्या दुपट्यासाठी आजही जुन्या सुती साडीचाच शोध घेतला जातो.

जुनी रीत

सुगी आटोपली की पावसापूर्वीच्या उन्हाळ्यात शिवणकामाला सवड मिळे. खाली अस्तर अंथरून, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून त्यावर थर पसरले जात. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब कच्चे टाके घातले जात. मग कडेपासून सुरुवात करून बोटाएवढे अंतर राखत आतल्या बाजूला ओळी सरकत. मापाला वीत आणि बोट, बोटाच्या रक्षणाला फार तर अंगुस्तान. विरलेल्या जागी ठिगळ आले की तोच टाका त्यावरून पुढे जाई. उत्तर कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांच्या कौदीतही शिवण अशीच कडेकडून मध्याकडे येते.

वाकळेला वर्षाचे वेळापत्रकही होते. नागपंचमीला चिरणे, कापणे, शिवणे वर्ज्य. नवरात्रापूर्वी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे नदीवर नेऊन धुण्याची चाल आहे. भिजून जड झालेली वाकळ आपटणे आणि पिळणे हे एकट्याचे काम नव्हे. टाका कच्चा असेल तर तो या धुण्यातच उघडा पडतो.

नवी साधने काय करतात?

शिवणयंत्र नवे नाही. आयझॅक सिंगर यांना अमेरिकेत त्याचे पेटंट 1851 मध्ये मिळाले. भारतात 1930 च्या दशकात 'उषा' यंत्रे तयार होऊ लागली. रजई-गोधडीच्या छंदाला वेगळे वळण दिले ते रोटरी कटरने. जपानच्या 'ओल्फा' कंपनीने 1979 मध्ये ही कटर बाजारात आणली. तिचे गोल पाते पट्टीच्या आधाराने फिरवले की कापडाचे अनेक थर एकाच वेळी सरळ कापले जातात. खाली विशिष्ट चटई लागते. तिच्यावरचे काप पुन्हा मिटतात.

'वॉकिंग फूट' हा यंत्राचा पाय वरचा थर खालच्या थराच्याच गतीने पुढे ढकलतो. साध्या पायाखाली खालचा थर पुढे जातो, वरचा मागे राहतो आणि चुण्या पडतात. वाकळ यंत्रावर शिवणाऱ्यांची पहिली तक्रार हीच असते. 'लाँगआर्म' यंत्रात तर कापड चौकटीवर ताणलेले राहते आणि यंत्रच त्यावरून फिरते.

फरक कोठे आहे?

पाश्चात्त्य क्विल्टची कामे दोन. आधी मोजून कापलेले तुकडे जोडून वरचा पदर तयार करायचा, नंतर मधला भराव आणि अस्तर त्याला शिवायचे. कटर, पट्टी आणि चटई पहिल्या कामासाठी आहेत. वाकळेत ठिगळ लावणे आणि थर जोडणे ही दोन्ही कामे एकाच टाक्यात होतात. तेथे अचूक कापणीची फारशी गरजच नसते. त्यामुळे महागडा संच घेऊनही साधी वाकळ लवकर होईल, अशी खात्री नाही.

टाक्याचेही तसेच. हाताचा धावदोरा एकाच दोऱ्याचा, लांब आणि सैल. कापडाला हलायला वाव देणारा. यंत्राचा टाका दोन दोऱ्यांचा, घट्ट आणि जवळजवळ. तो लवकर निसटत नाही. मात्र सुईची छिद्रे दाट पडल्याने विरलेले कापड त्याच रेषेवर फाटू शकते. जुने कापड यंत्रावर घ्यायचेच असेल तर टाका तीन-चार मिलिमीटर लांब ठेवावा, चौदा किंवा सोळा नंबरची सुई वापरावी, मध्यापासून कडेकडे शिवत जावे आणि थर आधी कच्च्या टाक्यांनी बांधून घ्यावेत. हे शेवटचे काम कोणत्याही यंत्राने रद्द केलेले नाही.

प्रश्न कापडाचा

खरी अडचण साधनांची नाही. रोजच्या वापरात नऊवारी सुती लुगडी कमी झाली आणि कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. त्या टिकाऊ आहेत. पण सुईखाली सरकतात, घाम टिपत नाहीत. जवळच यंत्रमागांचे इचलकरंजी असल्याने नवे सुती कापड कोल्हापूरला दुर्मीळ नाही. ते विकत घेतले की मात्र वाकळेचे अर्थशास्त्र बदलते. जे घरात टाकाऊ होते त्यातून उभे राहणारे पांघरूण खर्चाची वस्तू बनते आणि शिवणारीच्या वेळेची किंमतही मोजावी लागते. पूर्वी ती कोणी मोजत नव्हते. पाठ आणि डोळे मात्र तेव्हाही दुखत होते, आणि तेवढ्यापुरता यंत्राचा आधार घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

घरात आई-आजीचे सुती लुगडे शिल्लक असेल तर ते हाती शिवावे. नव्या कापडाची वाकळ खुशाल यंत्रावर घ्यावी. दोन्हींची कड मात्र दुहेरी दुमडून पक्की करावी, कारण झीज तेथूनच सुरू होते.