रेडिओ-नियंत्रित विद्युत वाहनांची बॅटरी व शीतन

रेडिओ-नियंत्रित विद्युत वाहन हे दूरनियंत्रकाने चालविले जाणारे छोट्या आकाराचे वाहन असून त्याची मोटर पुन्हा चार्ज करता येणाऱ्या बॅटरीवर चालते. बॅटरी, वेग-नियंत्रक आणि मोटर हे तिन्ही भाग वापरात तापतात. त्यामुळे अशा वाहनाची क्षमता बहुधा उष्णतेमुळे मर्यादित होते.

बॅटरी

पूर्वी निकेल-कॅडमियम व नंतर निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्या प्रचलित होत्या. त्यांच्या प्रत्येक सेलचा विद्युतदाब १.२ व्होल्ट असल्याने सहा सेलची बॅटरी ७.२ व्होल्टची होते. लिथियम-पॉलिमर सेलचा सामान्य विद्युतदाब ३.७ व्होल्ट, तर पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट असतो. दोन सेलच्या बॅटरीस ‘२एस’ (७.४ व्होल्ट) आणि तीन सेलच्या बॅटरीस ‘३एस’ (११.१ व्होल्ट) म्हणतात. ‘सी’ हा अंक बॅटरी किती विद्युतधारा देऊ शकते हे दर्शवितो. ५,००० मिलिअँपिअर-तास व ५०सी असलेली बॅटरी सैद्धांतिकदृष्ट्या २५० अँपिअर देऊ शकते.

उष्णतेची कारणे

रोधामुळे निर्माण होणारी उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा दीडपट झाल्यास उष्णता सव्वादोन पट होते. दंतचक्रे न बदलता २एसऐवजी ३एस बॅटरी जोडल्यास वेग वाढतो, हवेचा विरोध वाढतो आणि मोटर अधिक धारा ओढते. अतितापलेल्या मोटरमधील स्थायी चुंबकांची शक्ती कायमची कमी होऊ शकते. म्हणून विद्युतदाब वाढविताना मोटरच्या दांड्यावर कमी दात्यांचे पिनियन बसवितात.

शीतन

मोटार प्रकारातील वाहनांत मोटर व वेग-नियंत्रकावर ॲल्युमिनियमचे पंखेदार आवरण आणि लहान विजेचा पंखा बसवितात. नौकांमध्ये प्रोपेलरमागील नळीतून आलेले पाणी मोटरभोवतीच्या आवरणातून फिरून बाजूच्या छिद्रातून बाहेर पडते. ही धार थांबल्यास नळी शेवाळ किंवा कचऱ्याने तुंबल्याचा संभव असतो. शीतनाने उष्णता वाहून नेली जाते. चुकीच्या दंतचक्रांमुळे पडणारा जादा भार मात्र तसाच राहतो.

सुरक्षितता

लिथियम-पॉलिमर सेलचा विद्युतदाब सुमारे ३ व्होल्टखाली गेल्यास सेल खराब होते. त्यामुळे वेग-नियंत्रकाची मांडणी बॅटरीच्या प्रकारानुसार करणे आवश्यक असते. निकेलच्या मांडणीवर लिथियम बॅटरी चालविल्यास ती वेळीच बंद होत नाही. चार्जिंग प्रत्येक सेलचा दाब समान राखणाऱ्या चार्जरने, बॅटरी थंड झाल्यावर व देखरेखीखाली करतात. साठवणीत प्रति सेल सुमारे ३.८ व्होल्ट राखतात. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून ती पुन्हा वापरत नाहीत.